दोन घड्याळांचा किनारा

परदेशच्या सहलीला निघताना हौशी चित्रकार बॅगेत स्केचबुक आणि जलरंगांची डबी टाकतोच. शहरातल्या इमारती, पूल, कारंजी आपापल्या जागी उभी असतात, त्यामुळे त्यांची चित्रं बऱ्यापैकी उतरतात. समुद्रावर मात्र पंचाईत होते. खडकांची रेघ आखून रंग कालवेपर्यंत सावली सरकते, मघाशी दिसणारे दगड पाण्याखाली जातात आणि ज्या ढगासाठी ही जागा निवडली तो केव्हाच निघून गेलेला असतो. मग प्रश्न पडतो: सगळंच हलत असताना किनाऱ्याचं चित्र जागेवर बसून पुरं कसं करायचं? आणि होणारच नसेल, तर फोटो काढून घरी रंगवलं तर बिघडलं कुठे?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला फ्रान्सचा नॉर्मंडी किनारा सोयीचा आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे बसून चित्रकारांनी याच अडचणीतून वाटा काढल्या आणि त्या वाटा त्यांच्या पत्रांत व चित्रांत आजही सापडतात. त्या सगळ्यांच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. किनाऱ्यावर एकाच वेळी दोन घड्याळं चालू असतात, एक सूर्याचं आणि दुसरं चंद्राचं. दोघांची चाल वेगळी असते. ही दोन्ही घड्याळं वाचता आली, की किती वेळ हाती आहे ते कळतं, आणि वेळ कळला की कागद केवढा घ्यायचा, आधी काय रंगवायचं, काय सोडायचं हे आपोआप ठरत जातं.

१. रंग, रेल्वे आणि गुरू

उघड्यावर बसून रंगवणं फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेच्या काळात सुरू झालं, असा एक समज आहे, पण ते त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. पिएर-आंरी द व्हालाँसिएन या फ्रेंच चित्रकाराने १८०० च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातच विद्यार्थ्यांना बजावलं होतं, की निसर्गासमोरचा अभ्यास फार तर दोन तासांत आटपा आणि सूर्योदय किंवा सूर्यास्त असेल तर अर्ध्या तासात. मात्र त्या काळी असा अभ्यास सरावापुरता असे. प्रदर्शनात मांडायचं चित्र स्टुडिओतच तयार होई.

त्याला एक व्यावहारिक कारणही होतं. तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या लहान पिशव्यांत बांधून मिळत. पिशवीला टोचून रंग काढायचा, आणि एकदा पडलेलं भोक पुन्हा नीट बंद होत नसे. रंग वाळे, पिशवी फुटे. १८४१ मध्ये लंडनमध्ये राहणाऱ्या जॉन गॉफ रँड या अमेरिकी चित्रकाराने दाबून रंग काढायच्या कथलाच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. त्यामुळे डझनभर रंग खांद्यावरच्या पेटीत घेऊन कुठेही जाता येऊ लागलं.

पुढे १८४७ मध्ये रेल्वे पॅरिसहून ल हाव्र बंदरापर्यंत पोचली. सीन नदी जिथे समुद्राला मिळते तिथलं हे बंदर. राजधानीतला चित्रकार आता एका दिवसात किनाऱ्यावर पोचू लागला, आणि चित्रं विकत घेणारे हौशी पर्यटकही त्याच गाडीने येऊ लागले.

तिसरी गोष्ट म्हणजे एक माणूस. सीनच्या मुखावरच्या ऑनफ्लर गावात १८२४ मध्ये जन्मलेला यूजेन बूदँ. ल हाव्रमध्ये त्याने चौकटी आणि कागद-रंगांचं दुकान चालवलं, नंतर स्वतःच चित्रकलेकडे वळला. आकाशाचे असंख्य छोटे अभ्यास त्याने जागेवर केले. त्यावर तो तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवी. १८५९ मध्ये कवी बोदलेरने ते अभ्यास पाहिले आणि बाजूचा मजकूर झाकला तरी ऋतू, वेळ आणि वारा ओळखता येईल, अशा अर्थाची दाद दिली. ल हाव्रमध्ये वाढलेला क्लोद मोने हा मुलगा तेव्हा लोकांची व्यंगचित्रं काढून पैसे मिळवत होता. १८५८ मध्ये बूदँने त्याला बरोबर नेऊन उघड्यावर बसवलं. बाकीचा इतिहास तिथून सुरू होतो.

२. पहिलं घड्याळ: सूर्य

सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो, हे सगळीकडे सारखंच. पण तो किती उंच चढतो आणि क्षितिजाला किती तिरका टेकतो, हे गाव विषुववृत्तापासून किती दूर आहे यावर ठरतं. मुंबई उत्तर अक्षांश १९ वर आहे, नॉर्मंडीचा किनारा जवळजवळ ५० वर. या फरकाने चित्रात काय होतं ते एका उदाहरणाने पाहू.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी मुंबईत सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो. वाळूत एक मीटर उंचीची काठी रोवली तर तिची सावली एक मीटरपेक्षा थोडी कमी पडेल. त्याच दिवशी नॉर्मंडीत भर दुपारचा सूर्य जेमतेम १७ अंशांवर असतो आणि त्याच काठीची सावली सव्वातीन मीटर पडते. म्हणजे आपण ज्या लांब सावल्यांसाठी कोकणात संध्याकाळची वाट पाहतो, त्या तिथे हिवाळ्यात दिवसभर मिळतात. त्याची भरपाई दिवसाच्या लांबीतून होते. डिसेंबरात तिथे जेमतेम आठ तास उजेड असतो, जूनमध्ये सोळा.

दुसरा फरक संधिप्रकाशाचा. आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, म्हणून मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत रंग कळेनासे होतात. नॉर्मंडीत तो तिरका घसरत जातो. मावळल्यानंतरही अर्धा तास, उन्हाळ्यात त्याहून जास्त, कागदावरचा रंग ओळखता येईल इतका उजेड राहतो. घरच्या सवयीने घाईघाईत सामान आवरणारा प्रवासी तिथल्या संध्याकाळचा सर्वांत चांगला भाग वाया घालवतो.

तिसरा फरक दिशेचा. नॉर्मंडीत मावळतीची जागा वर्षभरात फार सरकते. डिसेंबरात सूर्य नैर्ऋत्येला बुडतो, जूनमध्ये वायव्येला. या दोन टोकांमधला कोन सुमारे ७६ अंशांचा असतो, मुंबईत तो ५० च्या आसपास. एखाद्या खडकामागे बुडणारा सूर्य पोस्टकार्डावर पाहून आपण जूनमध्ये तिथे गेलो, तर तो भलतीकडेच मोकळ्या समुद्रात बुडताना दिसेल. ठरावीक दृश्य हवं असेल तर आधी महिना पाहावा लागतो.

३. दुसरं घड्याळ: चंद्र

ल हाव्रपासून तीसेक किलोमीटरवर एत्रता नावाचं गाव आहे. तिथे पांढऱ्या खडूच्या दगडाचे उभे कडे थेट समुद्रात उतरतात. त्यांच्यात चकमकीच्या काळसर दगडांच्या आडव्या रेघा दिसतात, आणि कड्यांतून सुटलेली ती चकमकच घासून गुळगुळीत होऊन किनाऱ्यावर गोट्यांच्या रूपात पसरलेली असते. समुद्राने कड्यांत तीन कमानी कोरल्या आहेत. पोर्त दामों आणि पोर्त दाव्हाल या दोन गावाच्या किनाऱ्यावरून दिसतात. तिसरी आणि सर्वांत मोठी, मानपोर्त, पोर्त दाव्हालच्या पलीकडे आहे. पोर्त दाव्हालजवळच पाण्यात एक टोकदार सुळका उभा आहे.

इथे भरती-ओहोटीतला फरक मोठा असतो. उधाणाच्या दिवसांत पाणी सात-आठ मीटर चढतं आणि उतरतं, म्हणजे दुमजली घर बुडेल इतकं. ओहोटीला शेवाळलेले खडक उघडे पडतात, भरतीला कमानीचे पायच पाण्यात जातात. एकाच जागेवरून सहा तासांच्या अंतराने काढलेल्या दोन चित्रांत वेगवेगळे किनारे दिसतात.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. खलाशांचा एक ढोबळ नियम आहे. एकूण फरकाचे बारा भाग करायचे. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. समजा फरक सहा मीटरचा आहे. मग पहिल्या तासात पाणी अर्धा मीटर चढेल, दुसऱ्यात एक मीटर, आणि तिसऱ्या व चौथ्या तासात दीड-दीड मीटर. प्रत्येक बंदराला हा हिशेब तंतोतंत लागू पडत नाही, पण चित्रकाराला त्यातून दोन गोष्टी कळतात. पाण्याची रेघ चित्रात महत्त्वाची असेल तर पूर्ण ओहोटीच्या किंवा पूर्ण भरतीच्या आसपास बसावं, तेव्हा ती बराच वेळ जागच्या जागी राहते. आणि पहिल्या तासातली संथ चाल पाहून पाण्याला वेळ लागतोय असं समजणं धोक्याचं आहे.

खुद्द मोने या धोक्यात सापडला. नोव्हेंबर १८८५ मध्ये तो मानपोर्तपाशी कड्याच्या आडोशाला रंगवत होता. पाणी ओसरतंय अशी त्याची समजूत होती, प्रत्यक्षात ते चढत होतं. एका मोठ्या लाटेने त्याला कड्यावर आपटलं आणि सामानासकट ओढत नेलं. तो कसाबसा बाहेर आला, पण चित्र, ईझल आणि पिशवी गेली. दाढीला निळा-पिवळा रंग फासला गेल्याचं त्याने आलीस ओशदेला पत्रात कळवलं. ती पुढे त्याची पत्नी झाली. बालपणापासून हाच समुद्र पाहिलेल्या माणसाची ही गत, तर दोन दिवसांसाठी आलेल्या प्रवाशाने किती जपावं! एत्रतात ओहोटीच्या वेळी कड्यांच्या पायथ्याने चालत पलीकडच्या किनाऱ्यावर जाता येतं, आणि परतीची वाट भरतीने बंद होते.

वेळापत्रक वाचायला अवघड नसतं. फ्रान्समध्ये भरती-ओहोटीच्या वेळांसोबत एक आकडा छापलेला असतो, २० ते १२० च्या दरम्यानचा. आकडा मोठा तितका पाण्याचा चढ-उतार मोठा. ४५ च्या आसपास भांगाची भरती, ९५ किंवा त्यापुढे उधाण. वेळा हिवाळी घड्याळाच्या आहेत की उन्हाळी, एवढं मात्र पाहून घ्यावं, कारण युरोपात उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे असतात.

मराठी वाचकाला यासाठी घरचं कॅलेंडरही उपयोगी पडतं. कोकणातले कोळी तिथीवरून पाण्याचा अंदाज बांधतात, आणि चंद्र सगळीकडे तोच आहे. पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांत एत्रतातही उधाण येतं, अष्टमीच्या पुढेमागे तिथेही भांग असते. सहलीची तारीख ठरवताना तिथी पाहिली, तर उघडे खडक जास्तीत जास्त मिळणारे दिवस घरबसल्या कळतात. नेमक्या तासासाठी मात्र तिथलंच वेळापत्रक हवं.

४. दोन्ही घड्याळं जुळतात केव्हा?

आता मूळ अडचणीकडे येऊ. समजा सोमवारी दुपारी चार वाजता पूर्ण ओहोटी आहे, ऊन तिरपं आहे आणि ओले खडक चमकताहेत. चित्र अर्धं झालं. मंगळवारी चार वाजता आलो तर ऊन जवळजवळ तसंच असेल, पण ओहोटी आता ४.५० ला आहे. बुधवारी ती ५.४० ला, गुरुवारी ६.३० ला. चंद्राचं घड्याळ दररोज साधारण पन्नास मिनिटं मागे पडतं. चार दिवसांत ऊन तेच आणि खडक मात्र पाण्याखाली, अशी स्थिती येते.

मग ते दृश्य पुन्हा केव्हा मिळेल? पंधरा दिवसांत ओहोटी साडेबारा तास पुढे सरकते. दिवसातून दोन ओहोट्या येतात आणि त्यांच्यात सुमारे साडेबारा तासांचं अंतर असतं. त्यामुळे पंधराएक दिवसांनी दुसरी ओहोटी फिरून चारच्या सुमाराला येते. तोवर सूर्यही थोडा सरकलेला असतो. आठवड्याच्या सहलीवर आलेल्या माणसाला म्हणजे एक दृश्य दोन, फार तर तीन बैठकींपुरतं मिळतं.

मोनेने यावर काढलेला उपाय लेखक मोपासाँने एत्रतात पाहिला आणि १८८६ मध्ये लिहून ठेवला. मोनेच्या मागे मुलं पाच-सहा कॅनव्हास घेऊन चालत. दृश्य एकच, पण प्रत्येक कॅनव्हास वेगळ्या वेळेचा. उजेड बदलला की हातातला बाजूला ठेवायचा आणि त्या उजेडाचा घ्यायचा. दुसऱ्या दिवशी त्याच क्रमाने पुन्हा. गवताच्या गंजी आणि रुआँचं कॅथेड्रल यांच्या प्रसिद्ध मालिका १८९० च्या दशकातल्या, पण त्यांची तालीम या किनाऱ्यावर झालेली दिसते.

प्रवाशाला हीच युक्ती लहान प्रमाणात वापरता येते. एका कागदाचे चिकटपट्टीने चार चौकोन करावेत, प्रत्येक पोस्टकार्डाएवढा. पहिला ओहोटीच्या एक तास आधी, दुसरा ऐन ओहोटीला, तिसरा एक तासाने, चौथा सूर्यास्ताला. प्रत्येकाला पंचवीस मिनिटं. एक मोठं चित्र दिवसभर बदलत्या उजेडामागे पळवण्यापेक्षा चार लहान चित्रं पदरात पडतात, आणि प्रत्येकात एकाच वेळेचा उजेड असतो.

दोन घड्याळांचा हिशेब उलटाही मांडता येतो. टेक्सास स्टेट विद्यापीठातले खगोलशास्त्रज्ञ डोनाल्ड ओल्सन यांनी मोनेच्या एत्रतातल्या एका सूर्यास्ताच्या चित्रावर हा प्रयोग केला. चित्रातली कमान आणि सुळका यांची मांडणी पाहून त्यांनी चित्रकाराची जागा शोधली, त्या जागेवरून सूर्य कोणत्या दिवशी कुठे दिसेल ते काढलं. मग मोनेची पत्रं, हवामान आणि पाण्याची पातळी यांच्या आधारे एकेक तारीख बाद केली. उत्तर आलं ५ फेब्रुवारी १८८३, दुपारी ४ वाजून ५३ मिनिटं. मोनेच्याच, ल हाव्रच्या बंदरातल्या ‘इम्प्रेशन, सनराइज’ या सुप्रसिद्ध चित्राची वेळही त्यांनी अशीच काढली: १३ नोव्हेंबर १८७२, सकाळी ७.३५ च्या सुमारास. भरभर ओढलेल्या फटकाऱ्यांत इतकी अचूक माहिती उतरते, ती समोर बसून पाहिल्यामुळेच.

५. पाण्याचा रंग कुठून येतो?

वेळेचं गणित झालं. आता रंगाकडे वळू. नवशिक्या निळी ट्यूब पिळतो आणि समुद्र एकाच निळ्याने भरून काढतो. पाण्याचा रंग मात्र तीन ठिकाणांहून येतो: वरच्या आकाशाचं प्रतिबिंब, पाण्याचा स्वतःचा रंग आणि तळ.

यातलं कुठलं किती दिसेल, हे आपण पाण्याकडे किती तिरके पाहतो यावर अवलंबून असतं. सरळ खाली पाहिलं तर शांत पाणी शंभरातला दोन भाग प्रकाश परत फेकतं, म्हणून आतलं दिसतं. नजर पाण्याला पाच अंशांवर आली, की निम्म्याहून अधिक प्रकाश परत येतो आणि आकाश दिसतं. किनाऱ्यावर उभ्या माणसाची नजर जेमतेम अठरा-वीस मीटरवरच पाच अंशांवर येते. कड्याच्या माथ्यावर, ऐंशी मीटर उंचीवर गेलो, तर तोच कोन यायला नजर नऊशे मीटर दूर टाकावी लागते. एकाच वेळी खालून राखाडी दिसणारा समुद्र वरून हिरवा का दिसतो, त्याचं हे उत्तर. एत्रताजवळ खडूचा बारीक चुरा पाण्यात तरंगत असल्यामुळे त्या हिरव्यात दुधाळपणाही येतो.

लाटांनी आणखी एक फरक पडतो. लाटेची आपल्याकडे वळलेली बाजू क्षितिजाजवळच्या फिक्या आकाशाऐवजी वरच्या गडद आकाशाचं प्रतिबिंब दाखवते. म्हणून वारा असलेल्या दिवशी क्षितिजावरचा समुद्र लगतच्या आकाशापेक्षा गडद दिसतो. ही एक पट्टी जमली की समुद्र सपाट पसरलेला वाटू लागतो.

पांढऱ्या कड्यांचंही असंच. ऊन पडलं की ते पिवळसर गुलाबी, सावलीत गेले की आकाशामुळे निळसर जांभळे आणि पायथ्याशी किनाऱ्यावरून उसळलेल्या उजेडाने पुन्हा थोडे ऊबदार. ट्यूबमधला पांढरा जसाच्या तसा वापरण्याची जागा चित्रात क्वचितच सापडते. यासाठी रंगांची मोठी पेटी लागत नाही. १९०५ च्या एका पत्रात मोनेने आपले रंग सांगितले ते सहाच: पांढरा, कॅडमियम पिवळा, व्हर्मिलियन, गडद मॅडर, कोबाल्ट निळा आणि एमेरोद हिरवा, ज्याला आपण व्हिरिडियन म्हणतो. काळा त्यात नाही.

६. आधी टोन, मग रंग

रंगाइतकाच, किंबहुना त्याहून महत्त्वाचा असतो टोन, म्हणजे एखादी जागा किती फिकी किंवा गडद आहे ते. ‘इम्प्रेशन, सनराइज’चा कृष्णधवल फोटो पाहिला, तर त्यातला नारिंगी सूर्य जवळजवळ नाहीसा होतो. हार्वर्डच्या मेंदूशास्त्रज्ञ मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी दाखवून दिलं, की त्या सूर्याचा टोन भोवतालच्या राखाडी आकाशाइतकाच आहे. मेंदूचा जो भाग जागा आणि खोली ठरवतो, तो रंगाकडे लक्ष देत नाही. त्याला सूर्य दिसत नाही, रंग पाहणाऱ्या भागाला मात्र ठळक दिसतो. त्यामुळे तो सूर्य धुक्यात थरथरल्यासारखा वाटतो.

फोटोवरून रंगवण्यातली अडचणही इथेच आहे. तेजस्वी आकाश आणि सावलीतला कडा एकाच फोटोत धरताना कॅमेऱ्याला कुठेतरी तडजोड करावी लागते. कडा काळाठिक्कर होतो, किंवा आकाश पांढरंफटक. डोळा मात्र आकाशाकडून कड्याकडे वळताना जुळवून घेतो आणि सावलीतही रंग पाहतो. शिवाय फोन आपल्या हिशेबाने उजेडाचा पिवळेपणा किंवा निळेपणा कमी-जास्त करतो. खडकांचे आकार आणि बोटींची मांडणी लक्षात ठेवायला फोटो उत्तम, उजेडासाठी तो भरवशाचा नाही.

यावरून कामाचा क्रम ठरतो. अर्ध्या-पाऊण तासाची एक बैठक धरू. पहिली पाच मिनिटं पेन्सिलीने काड्यापेटीएवढ्या चौकोनात फक्त तीन टोन मांडायचे: फिका, मधला, गडद. पुढची पाच मिनिटं कागदावर क्षितिज, कडा आणि पाण्याची रेघ. याच वेळी सावल्यांच्या कडा आखून घ्यायच्या आणि नंतर सूर्य कितीही सरकला तरी त्या हलवायच्या नाहीत. मग पंधरा मिनिटं आकाश आणि समुद्राचे मोठे वॉश, कारण सर्वांत लवकर बदलणारं तेच. उरलेला वेळ कडा, खडक, बोटी, माणसं. ती कुठे पळून जात नाहीत, आणि गेलीच तर फोटो आहे.

७. पिशवीत काय असावं

टर्पेंटाइनसारखे पेट घेणारे द्रव विमानात चालत नाहीत, ना हातातल्या बॅगेत, ना चेक-इनमध्ये. तैलरंगच हवे असतील तर द्रव तिकडे पोचल्यावर विकत घ्यावा. रंगाच्या ट्यूब आणि पॅलेट नाइफ चेक-इनच्या बॅगेत टाकाव्यात. तैलरंगाची खरी अडचण परतीला येते, कारण जाड थर वाळायला आठवडे लागतात. थोड्या दिवसांच्या प्रवासाला जलरंग किंवा गॉश सोयीचे.

थंड, दमट किनाऱ्यावर जलरंगाचा वॉश आपल्याकडच्या उन्हाळ्यासारखा चटकन वाळत नाही. पाणी कमी घ्यावं, दोन कागद आलटून पालटून चालवावेत. वारा जोराचा असेल तर छत्री उघडू नये, आणि ईझलला दगडांची पिशवी टांगावी. १८८६ च्या शरद ऋतूत ब्रिटनीतल्या बेल-ईल बेटावर वादळी हवेत मोने आपलं ईझल दोरखंड आणि दगडांनी बांधून काम करत असे. कड्याच्या अगदी पायथ्याशी किंवा अगदी काठावर बसू नये, कारण खडू ठिसूळ असतो आणि कडे कोसळतात. एत्रतातल्या गोट्या आठवण म्हणून उचलायला बंदी आहे, हेही ध्यानात असू द्यावं.

चित्राला वाळू चिकटली तर मात्र फार मनावर घेऊ नये. लंडनच्या नॅशनल गॅलरीत मोनेचं १८७० मधलं ‘द बीच अॅट त्रूव्हील’ हे चित्र आहे. त्याच्या रंगात वाळूचे कण आणि शिंपल्यांचा चुरा रुतलेला आहे. ते किनाऱ्यावरच रंगवलं, याला इतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

८. अनोळखी किनारा, आणि घरी परतल्यावर

परदेशी किनाऱ्यावर पहिल्या दिवशी चित्र बिघडलं तर त्यात नवल नाही. जानेवारी १८८४ मध्ये मोने इटलीच्या बोर्दिगेरा गावी गेला तो तीन आठवड्यांच्या बेताने. नॉर्मंडीच्या करड्या उजेडाला सरावलेल्या डोळ्यांना तिथलं ऊन, खजुरीची झाडं आणि निळा भूमध्य समुद्र झेपेना. इथला रंग पकडायला हिरे-माणकांची पॅलेट हवी, अशी तक्रार त्याने पत्रांत केली. तो परतला एप्रिलमध्ये. बेल-ईलवरही तेच. इंग्लिश खाडीची पक्की सवय असूनही अटलांटिकच्या काळ्या खडकांपुढे त्याला नव्याने शिकावं लागलं, आणि थोडक्या दिवसांचा मुक्काम दोन महिन्यांवर गेला.

इतका मुक्काम आपल्याला परवडत नाही. त्यावर एक उपाय म्हणजे फिरणं कमी करणं. चार गावांत एकेक दिवस घालवण्यापेक्षा एका गावात चार दिवस राहावं आणि रोज त्याच दगडावर बसावं. पहिल्या दिवशी आपण सवयीने रंगवतो, कोकणातल्या वाळूचा पिवळा आणि माडांचा हिरवा कळत-नकळत कागदावर येतो. तिसऱ्या दिवसापर्यंत समोरचं दिसू लागतं.

आणि सगळं जागेवरच पुरं व्हायला हवं, हा हट्टही नको. आपल्याकडे स्टुडिओच नाही, असं मोनेने १८८० मध्ये एका मुलाखतीत ठणकावून सांगितलं होतं. प्रत्यक्षात त्याच्याकडे तेव्हाही कामाची खोली होती, आणि एत्रता व बेल-ईलहून आणलेली चित्रं त्याने जिव्हर्नीच्या घरी बसून पुरी केली. किनाऱ्यावर त्याने ठरवलं होतं ते टोन, रंग आणि वेळ. घरी त्याने कडा साफ केल्या, थर चढवले, जे जुळत नव्हतं ते खोडलं.

आपल्यालाही हेच करता येईल, फक्त काय बदलायचं नाही हे पक्कं ठाऊक हवं. त्यासाठी बूदँची सवय उचलावी. उठण्याआधी कागदाच्या मागे तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहावी, आणि किनारा असेल तर भरती-ओहोटीची स्थितीही. मग घरच्या टेबलावर बोट डावीकडून उजवीकडे नेली, एखादा माणूस वाढवला, आकाश थोडं मोकळं केलं, तरी हरकत नाही. पाण्याची रेघ आणि सावलीची दिशा मात्र त्या नोंदीला धरूनच ठेवावी. त्या दोन्ही चुकल्या, तर चित्रातला तास कोणत्याच दिवसाचा राहत नाही, आणि फोटो सोडून तिथे बसण्याचं कारणच संपतं.